न भिजलेले दाणे

केमोच्या खोलीत खुर्च्या एका ओळीत असतात. माझ्या शेवटच्या खेपेला शेजारच्या खुर्चीत एक बाई होती, तिची पहिलीच खेप. तिनं कानडीत विचारलं, "खूप त्रास होतो का हो?" माझ्यात उत्तर देण्याइतकं बळ नव्हतं. मी मान हलवली. ती होय म्हणून हलली की नाही म्हणून, हे मलाही सांगता यायचं नाही. तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आता सावकाश बसून लिहिते आहे. ती मराठी वाचणार नाही, पण तिच्यासारख्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाती पडेल.

आधीच सांगते, यात धीराच्या गोष्टी कमी आहेत. भेटायला येणारे सगळे म्हणायचे, "तुम्ही लढताय." लढायला उभं राहावं लागतं. मी बहुतेक वेळ आडवी होते.

गच्ची

आमचं घर बेंगळुरूत, जे. पी. नगरमध्ये. घराणं इथं इतक्या पिढ्या आहे की पुण्याला गेलं की लोक आमचं मराठी ऐकून गालात हसतात, आणि इथं आडनाव ऐकून विचारतात, "मूळचे कुठले?" मी इंदिरानगरच्या एका ऑफिसात हिशेब बघायचे. माझे यजमान नागेश एका कारखान्याच्या टूल रूममधून निवृत्त झाले. मिलिमीटरच्या आतलं जे काही असेल त्यावर त्यांचं प्रेम. त्याच्या वरचं सगळं त्यांना ढोबळ वाटतं, त्यात मीही आले.

गच्ची मात्र माझी. तिथं पिशव्यांत आणि जुन्या टबांत मी भाजी लावायचे, आणि फुलदाणीत ठेवायला अॅस्टर, झिनिया, झेंडू. बी सगळं गौरक्काकडचं. कनकपुरा रस्त्याच्या आत कुठंतरी गौरक्काचं लहानसं शेत होतं आणि रविवारी आमच्या भागातल्या बाजारात ती भाजी, फुलं आणि बी घेऊन बसायची. भाजीचं आणि फुलांचं बी ती विकायची. अवरेचं विकायची नाही.

अवरे म्हणजे आपला पावटाच, पण गौरक्काकडचे अवरे निराळे. शेंग आखूड, कडेनं जांभळी रेघ, आणि सोलल्यावर हाताला जो वास राहतो तो साबणानं जात नाही. हे बी ती मूठभर द्यायची आणि पुढच्या वर्षी आपल्या वेलावरचं मूठभर परत घ्यायची. तिच्या आईपासूनची रीत. एका घरी किडलं तर दुसऱ्या घरी असतं, एवढाच त्यातला विचार.

मग गौरक्काचं शेत गेलं, तिथं घरांच्या प्लॉटांचा लेआउट पडला आणि ती मुलीकडं राहायला आली. तिच्याजवळचे अवरे त्या गडबडीत किडले. बाकी ज्या बायकांनी नेले होते त्यांनी काही खाल्ले, काही विसरल्या. माझ्याकडे एक बरणी होती. एरंडेल चोळून, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, मागच्या बाजूला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मला कशाला लिहावं लागेल?

नागेश गेली कित्येक वर्षं एकच वाक्य बोलत आले होते, "गच्ची गळणार बघ एक दिवस."

गाठ

पाडव्यानंतर दोडक्याच्या वेलाला दोरी बांधत होते. मान वर केली, गळ्याशी खाज आली म्हणून बोट लावलं, तर तिथं काहीतरी होतं. दुखत नव्हतं. दुखत असतं तर मी लवकर दाखवलं असतं. सगळ्यांना हेच सांगते की न दुखणारी गाठ आधी दाखवा.

तपासण्या झाल्या, तुकडा काढून झाला. ज्या दिवशी रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हाला दोन खुर्च्यांवर बसवलं, दार लावलं, आणि लिम्फोमा हा शब्द फार हळू उच्चारला. नागेशनी विचारलं, "किती मिलिमीटर?" त्या बिचाऱ्या गोंधळल्या. मला हसू आलं आणि मग एकदम रडू आलं, आणि ते दोन्ही एकमेकांत अडकून घशातून भलताच आवाज निघाला. डॉक्टरबाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढं सरकवला.

रिक्षात आम्ही भांडलो. कुठल्या रस्त्यानं जायचं यावरून. घरी आल्यावर मी पंखा लावून पडले. नागेश बराच वेळ दिसले नाहीत म्हणून हाक मारली, तर उत्तर वरून आलं. ते गच्चीवर जाऊन झाडांना पाणी घालत होते. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, हे पहिल्यांदा. खाली आले तेव्हा डोळे लाल होते आणि चपला चिखलानं भरलेल्या. त्या चपला घालून ते तसेच सगळ्या घरभर फिरले.

नको, नको

पहिल्या केमोच्या आधी डॉक्टरबाईंनी काय काय करायचं नाही ते सांगितलं. पांढऱ्या पेशी खाली जाणार, साधा जंतूही महागात पडणार. कच्चं खायचं नाही. गर्दीत जायचं नाही. माती नको, कुंड्या नको, ताजी फुलं घरात नकोत.

"गच्चीवर नुसतं बसले तर?" मी विचारलं.

"काउंट वर आले की बघू."

मला आजाराचं भय वाटत होतंच, पण त्या क्षणी जो राग आला तो मातीपायी आला. केस जाणार हे मी ऐकून घेतलं. माती जाणार हे ऐकवेना.

पहिल्या खेपेला दोन दिवस ॲडमिट होते. ऑफिसातली माणसं मोठा गुच्छ घेऊन आली. सिस्टरनं दारातच अडवलं, "फ्लवर्स ओळगे बेडा." फुलं आत नकोत. ते गुच्छ हातात धरून तसेच उभे. शेवटी तो चपलांच्या मांडणीवर ठेवला गेला. मी सलाईन लावून पडलेली, आणि मनात काय, तर ही जरबेरा तारेनं उभी केलेली आहेत, उद्या माना टाकतील, माझे अॅस्टर याच्या दुप्पट टिकतात. माणूस आजारानं सुधारतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

घरी आले तर माझे अॅस्टर खरंच फुलले होते, झिनियाही. झिनियाचं असं असतं की फूल कापलं नाही तर झाड बी धरतं आणि फुलायचं थांबवतं. कापावंच लागतं. मी पलंगावरून नागेशना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "किती लांबीचे?"

"असे कोपरापर्यंत."

"कुणाच्या कोपरापर्यंत?"

ते स्टीलची पट्टी घेऊन गेले. खिडकीच्या गजाबाहेर उभे राहून त्यांनी मला फुलं दाखवली, सगळे देठ अगदी एका मापाचे. मी आतून बघितली. मग त्यांनी ती रंगाच्या रिकाम्या बादलीत घालून फाटकापाशी ठेवली, ज्याला हवी त्यानं न्यावीत म्हणून. रोज संध्याकाळी मला बातमी मिळायची. "समोरच्या आजींनी चार नेली. थँक्स नाही की काही नाही." त्यांना आता फुलांचा अभिमान वाटायला लागला होता. गच्ची गळण्याचं नाव निघेना.

थकवा

लोक उलट्यांबद्दल विचारतात, केसांबद्दल विचारतात. थकव्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं सांगते. हा काम करून येतो तसला थकवा नाही. हा झोपून उठल्यावर जास्त असतो. कुशीवर वळायचं तर आधी ठरवावं लागतं. पाण्याचा ग्लास हाताच्या अंतरावर असतो आणि तुम्ही तहानलेले तसेच पडून राहता, कारण हात लांब करणं हे एक काम आहे. मला रागही पुरता येत नसे. अर्ध्यात दम लागायचा.

आणि सल्ले. पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर, बीट, गोमूत्र. प्रत्येकाचा कुणीतरी ओळखीचा त्यानं ठणठणीत झालेला. नागेश सगळ्यांना "होय की, बघतो" म्हणायचे आणि काही करायचे नाहीत. ह्या बाबतीत मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

घरात आणखी एक बदल झाला होता, तो मला हळूहळू कळला. पुढच्या वर्षाचं कुणी बोलेनासं झालं. आमच्याकडं लोणचं उघडलं की "पुढच्या वर्षी मीठ स्वल्प कमी" असं म्हणायची सवय. त्या वर्षी नागेश "पुढच्या" म्हणाले आणि थांबले, आणि "चांगलं झालंय" म्हणून जेवत राहिले. डॉक्टरबाई पुढच्या खेपेपलीकडचं बोलत नसत. आमची परदेशातली मुलगी फोनवर फक्त आजचं विचारायची. सगळ्यांनी मिळून माझं आयुष्य लहान लहान तुकड्यांत कापून ठेवलं होतं, आणि मीही ते मुकाट्यानं तसंच घेत होते.

अशात गौरक्काचा फोन आला. तिला बहिणीच्या गावाजवळ थोडी जमीन करायला मिळाली होती. "पाऊस झाला की अवरे टाकते अक्का. तुमच्याकडं आहेत ना? आता तुमच्याकडंच आहेत." मी म्हटलं, आहेत, येऊन घेऊन जा. आजाराचं सांगितलं नाही. कुणीतरी माझ्याशी सरळ आवाजात बोलत होतं, ते मला मोडायचं नव्हतं. फोन ठेवल्यावर बरं वाटलं. माझ्याकडं कुणीतरी औषधाच्या वेळा सोडून दुसरं काहीतरी मागितलं होतं.

सारू

इंदू अक्का ही माझी मोठी नणंद. के. आर. पुरमला राहते. तिसऱ्या खेपेनंतर माझ्या तोंडाची चव पूर्ण गेली, जे खाईन ते लोखंड चाटल्यासारखं. अक्काचा रोज फोन.

"काय खावंसं वाटतंय सांग गे. करून आणते."

"काही नको अक्का."

"असं कसं नको? जीभ आहे की नाही?"

तिनं फोन ठेवावा म्हणून मी म्हटलं, "हितकबेळ्याचं सारू." अवरे भिजवून, सालं काढून केलेलं सारू. बाजारात अवरे हल्ली बाराही महिने मिळतात, पण पावसाळ्यातल्या त्या शेंगांना वासच नसतो आणि अक्का तसले अवरे घरात आणत नाही. म्हणजे विषय संपला, असा माझा हिशेब.

दोन दिवसांनी अक्का मेट्रो बदलत, पिशवी घेऊन हजर. मी त्या दिवशी जवळजवळ सगळा वेळ झोपून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून टप टप आवाज येत राहिला. हितकबेळे करणं म्हणजे रात्रभर भिजवलेला एकेक दाणा चिमटीत दाबायचा, की सालातून आतली डाळ सुळकन निसटते. एका माणसाच्या जेवणालाही तासभर लागतो. अक्काच्या बोटांत संधिवात आहे.

दुपारी तिनं वाटीत सारू आणि मऊ भात आणून ठेवला. पहिला घास घेतला आणि मी थांबले. चव लागली. खोबरं, दालचिनी, आणि त्या सगळ्याच्या मागून तो वास. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा जेवण हे जेवण वाटलं. मी दुसऱ्यांदा वाढायला सांगितलं. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं ते पदरानं पुसलं आणि भात वाढला. दाराशी नागेश उभे राहून बघत होते.

खाऊन झाल्यावर मी विचारलं, "अवरे कुठले मिळाले अक्का?"

"मिळतात कुठले? घरातच होते की. वरच्या फळीला, मागे बरणीत. किती तेलकट झाले होते, चार पाण्यांनी धुतले."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी बोलले. अर्ध्यात दम लागत नव्हता त्या दिवशी, पोटात सारू होतं ना. विचारायला तोंड नव्हतं का तुम्हाला, म्हणाले. कुणाच्या घरात कशाला हात लावायचा हे कळत नाही का, म्हणाले. अक्का वयानं माझ्याहून कितीतरी मोठी, कधी मला वाकडं बोललेली नाही.

"मी काय चोरून खाल्लं काय गे?" ती म्हणाली. "तुझ्यासाठीच केलं की."

हेच तर सहन होत नव्हतं. मला वाटलं आता उलटी होणार. झाली नाही. केमोपासून साधं ताक न ठेवून घेणाऱ्या माझ्या पोटानं ते बी गुपचूप पचवून टाकलं. अक्का संध्याकाळच्या आत निघून गेली. पातेलं घासून पालथं घातलेलं होतं.

नागेशनी त्यांच्या परीनं मार्ग काढला. "गौरक्काला बाजारातले देऊ की. पावटा तो पावटा. तिला काय कळणार?"

मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. रडले, खूप रडले. आजार कळल्यापासून एवढी रडले नव्हते. पावट्यासाठी रडतेय असं नागेशना वाटलं असेल. मला वाटत होतं, माझ्यानंतर काहीतरी उरायला हवं होतं तेही मीच खाऊन टाकलं, आणि वर दुसऱ्यांदा मागून घेतलं.

कानस

नागेश कुठलीही वस्तू फेकत नाहीत. आमच्या घरात तीन पिढ्यांचे स्क्रू आहेत. दुसऱ्या दिवशी ते एक वाटी घेऊन आले.

"हे काय करायचं? ओट्याच्या कोपऱ्यात होतं. अक्कानं बाजूला काढलेत. रात्रभर पाण्यात होते, तरी खडे आहेत नुसते."

मी बघितलं. वाटीच्या तळाशी थोडेसे दाणे. गणंग. कडधान्य भिजत घालणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतात, काही दाणे फुगत नाहीत, शिजत नाहीत, दाताखाली आले तर दात जातो. त्यांची सालं निघत नाहीत म्हणून अक्कानं वेगळे काढले होते.

मी उठून बसले. गोकर्णीचं बीही असंच असतं. साल इतकी घट्ट की पाणी आत शिरत नाही. मेलेलं नसतं, फक्त बंद असतं. साल जरा घासावी लागते.

"तुमच्याकडं कानस आहे का?"

टूल रूमच्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो. "कुठली?" ते म्हणाले. "चपटी, गोल, तिकोनी? खरखरीत की बारीक?"

तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या कानशी आल्या. मला हात लावायची बंदी, म्हणून ते खिडकीबाहेर स्टूल टाकून बसले आणि मी आतून सांगत राहिले. कोंब फुटतो त्या डोळ्याच्या बाजूला नको, पाठीकडं घासा. आतलं पांढरं दिसायच्या आत थांबा.

"शिकवू नको. मी बेअरिंगं बसवलीयेत."

एक दाणा त्यांच्याकडून जास्त घासला गेला. त्यांनी तो बोटावर घेऊन बराच वेळ पाहिला. "हा गेला," म्हणाले, आणि बाकीच्यांना श्वास रोखून घासलं. ते सगळे पुन्हा पाण्यात घातले. सकाळी वाटी खिडकीत आणून धरली तर दाणे फुगून दुप्पट झालेले.

पत्र्याच्या सावलीतल्या तीन पिशव्यांत त्यांनी ते लावले, पट्टीनं अंतर मोजून. गौरक्काला मी फोन करून सांगितलं की ह्या पावसात देता येणार नाही, थोडं थांब. का ते सांगितलं नाही. "सरी, सरी," ती म्हणाली, म्हणजे बरं, बरं, पण आवाज पडला होता. तिचा हंगाम गेला होता.

काही कुजले. काही वर आले. कोवळ्या देठावर दोन पानं, वाकलेल्या मानेनं. नागेश फोनवर फोटो काढून आणायचे आणि मोठं करून करून दाखवायचे.

ताप

गणपतीच्या सुमाराला ताप भरला. पेशी तळाला गेलेल्या असताना ताप आला की घरी थांबायचं नसतं, गोळी घेऊन वाट बघायची नसते. हे सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून सरळ लिहिते आहे.

वेगळ्या खोलीत ठेवलं. सगळे मास्कमध्ये, नुसते डोळे. पहिलं औषध लागू पडलं नाही, दुसरं सुरू केलं. दवाखान्यात दिवसाला आकार नसतो. रक्त घ्यायला येतात, ताप बघायला येतात, फरशी पुसायला येतात, आणि मधल्या वेळात तुम्ही छताकडं बघता. मला मरायचं नव्हतं. हे वाक्य मी कुणापाशी बोलले नाही, नागेशपाशी तर नाहीच. ते खुर्चीत बसल्या बसल्या घोरायचे आणि जागे झाले की "मी जागाच होतो" म्हणायचे.

सकाळी अंग पुसायला एक आया यायची. अंगाला हात लावायच्या आधी ती आपले तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. तिला ते करायला कुणी सांगितलेलं नसणार. त्या सगळ्या दिवसांत मी तिची वाट बघायचे, डॉक्टरांची नाही.

गच्चीवरच्या पिशव्या पत्र्याखाली, पावसाचं पाणी लागत नव्हतं. मला ते दुसऱ्या दिवशी आठवलं. नागेश म्हणाले, "बघतंय कोणतरी." मग त्यांच्या फोनवर फोटो यायला लागले. वेल थोडा, आणि कोपऱ्यात जाडसर बोट. ते बोट मी ओळखलं. संधिवातानं पेरापाशी वाकडं झालेलं.

"तुम्ही अक्कांना बोलावलंत?"

"मी नाही. तिनंच विचारलं, किल्ली कुठं आहे म्हणून."

ती आमच्या घरी एकटी येऊन राहिली होती. तिच्या घरी गणपती बसतो. त्या वर्षी सुनेकडून बसवून घेतला.

मला घरी सोडलं तेव्हा अक्का दारात उभी होती. माफी कुणी मागितली नाही. ती म्हणाली, "पाणी जास्त झालं की कमी, काही कळेना बाई. रोज मातीत बोट खुपसून बघत होते." मी म्हटलं, "जेवलात का?" ती नाही म्हणाली, आणि मग आम्ही तिघं जेवलो.

वेल

दिवाळीनंतर वेलाला फुलं आली. तोवर माझ्या खेपा संपल्या होत्या. डोक्यावर खुरटे केस, भुवया अजून नाहीत. हातमोजे आणि मास्क घालून गच्चीवर जायची परवानगी मिळाली त्या दिवशी मला जिना चढायला इतका वेळ लागला की मध्ये दोनदा बसले. वर पोचून वेलापाशी उभी राहिले. फार काही वाटलं नाही. पाय दुखत होते.

हेही सांगून ठेवते. स्कॅन स्वच्छ आला, डॉक्टरबाई हसल्या, "आता तीन महिन्यांनी," म्हणाल्या. नागेश बाहेर येऊन मुलीशी फोनवर बोलताना रडले. मला झोप येत होती. आनंद व्हायला पाहिजे होता तो झाला नाही, याचीच लाज वाटली. तुमचंही तसं झालं तर घाबरू नका. आनंदालाही ताकद लागते, ती नंतर येते, थोडी थोडी.

शेंगा धरल्या. जांभळी रेघ दिसली. थंडीत सगळ्या बेंगळुरूभर अवरेचा वास सुटतो, आणि आमच्या गच्चीवर भरल्या वेलाखाली अक्का, अवरेसाठी जीव टाकणारी, हात मागे बांधून उभी.

"एक तोडू का गे? सुम्ने, नुसता वास घ्यायला."

"नको अक्का. वाळू देत."

"सरी."

पण शेजारपाजारच्या कुणी वर येऊन शेंगेला हात लावला की तीच अंगावर धावून जायची. संक्रांतीला सगळं केलं, अवरे मात्र बाजारातून आणले. "ह्यांना काय चव," म्हणत तिनं ते खाल्ले.

शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या तेव्हा आम्ही तिघांनी गच्चीवर बसून सोलल्या. बरणी अर्धीही भरली नाही. नागेशनी पत्र्याच्या तुकड्यावर पंचनं अक्षरं ठोकून तो बरणीला तारेनं बांधला होता. "बी. खायचे नाही." अक्कानं ते वाचलं आणि त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

मूठ

गौरक्का स्वतः आली. माझ्या डोक्याकडं एकदा बघितलं, काही विचारलं नाही. एक दाणा दातानं फोडून पाहिला, वाळलाय की नाही ते, मग पदर पसरला आणि मी बरणी त्यात रिती केली.

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. आजार, सारू, दोनदा वाढून घेतलं ते, कानस. अक्का जमिनीकडं बघत होती. गौरक्का हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि अक्काला म्हणाली, "रुचियागित्ता?" चव होती का?

"तिला विचारा," अक्का म्हणाली. "खाल्लं तिनं. मी नुसतं केलं."

"होती," मी म्हटलं.

गौरक्कानं पदराची गाठ मारायला घेतली, मग थांबली. आत हात घालून एक मूठ काढली, माझी ओंजळ पुढं ओढली आणि दाणे तिच्यात ओतले. मला वाटलं तिला थोडेच न्यायचे आहेत. पण तिनं माझी बोटं दाण्यांवर मिटवली आणि बाजारात म्हणायची तेच, त्याच आवाजात म्हणाली, "मुंदिन वर्ष वापस कोडि."

पुढच्या वर्षी परत द्या.

आमच्या घरात ते दोन शब्द कुणी किती दिवसांत उच्चारले नव्हते. नागेश बरणीचं झाकण लावत होते, त्यांचा हात थांबला. अक्कानं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. गौरक्काला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला शेवटची बस गाठायची होती, ती उत्तराची वाट बघत उभी होती.

मी थकले होते. बसायचं होतं मला. मूठ आवळून धरली आणि म्हटलं, "सरी."